मोटर ते चाक

२०२१ साली मराठवाड्यात पेट्रोल लिटरला शंभराच्या घरात गेले. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर तालुक्यातला फूलशेती करणारा एक तरुण बातम्यांत झळकला. जुन्या दुचाकीच्या सांगाड्यावर ७५० वॉटची मोटर आणि ४८ व्होल्टची बॅटरी बसवून त्याने स्वतःची ई-बाइक तयार केली होती. एका चार्जिंगमध्ये ती शंभर किलोमीटर जाते, असे तेव्हा छापून आले. केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या तालुक्यातल्या या खटपटीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

असा प्रयोग सायकलवर करू पाहणाऱ्यांची सुरुवात बहुतेकदा मोटरपासून होते. किती वॉटची, किती सीसीची, कितीला पडेल? वस्तू घरी आल्यावर मग ती चाकाला जोडायची कशी हा प्रश्न उभा राहतो आणि अर्ध्यावर सोडलेल्या बऱ्याच सायकली तिथेच पडवीत धूळ खात पडतात. वास्तविक जोडणी आधी ठरवावी आणि मोटर त्यानंतर घ्यावी. जोडणी ठरवायची तर आपला रस्ता कसा आहे आणि सायकलवर ओझे किती असणार, हे आधी मांडायला हवे.

गणित फार मोठे नाही. खेड्यापाड्यांत अजून दिसणाऱ्या दांड्याच्या सायकलचे चाक २८ इंची असते आणि एका फेऱ्यात ते सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. ताशी २५ किलोमीटर वेग हवा असेल, तर चाकाचे मिनिटाला १८५ ते १९० फेरे व्हावे लागतात. आता शेतात वापरतात त्या ग्रासकटरचे इंजिन घ्या. ते भरात असते मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवर. म्हणजे इंजिनाचे पस्तीसेक फेरे झाले की चाकाचा एक फेरा व्हायला हवा. हे प्रमाण साधले की फेरे कमी होतात आणि त्याच पटीत जोर वाढतो (घर्षणात जाईल तेवढा वजा). ते चुकले, तर दमदार इंजिनही जागच्या जागी गुरगुरत राहते, नाहीतर सायकलला आवरता येणार नाही अशा वेगाने पळवते.

सर्वांत सोपी जोडणी रोलरची. इंजिनाच्या दांड्यावर खरखरीत रोलर बसवायचा आणि तो थेट टायरवर दाबून धरायचा. चेन नको, पट्टा नको, वेल्डिंगही जेमतेम. फ्रान्समध्ये १९४६ पासून विकली गेलेली वेलोसोलेक्स याच तत्त्वावर चालायची. तिचे इंजिन पुढच्या चाकावर बसलेले असे आणि या साधेपणाच्या बळावर तिने काही दशके लाखो लोकांना फिरवले. रोलर छोटा आणि चाक मोठे, त्यामुळे फेऱ्यांचे प्रमाण आपोआप खाली येते. पाच सेंटिमीटर व्यासाचा रोलर २८ इंची चाकाला सुमारे चौदास एक असे प्रमाण देतो.

पण ही जोडणी मराठवाड्यात टिकणार नाही. इथली काळी माती पहिल्या पावसात टायरला अशी बिलगते की मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये गोळे अडकून चाक फिरेनासे होते. त्या चिखलावर रोलर नुसता घसरतो. उन्हाळ्यात धुळीने टायर झिजतो आणि हवा थोडी कमी झाली तरी पकड जाते. शहरात, डांबरी रस्त्यावर, कोरड्या दिवसांत रोलर ठीक आहे. शेतातून रस्त्याला लागायचे असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

पट्ट्याचे तसे नाही. पिठाच्या गिरणीत मोटरचा जोर जात्यापर्यंत नेणारा व्ही-पट्टा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तोच लहान आकारात सायकलवर चालतो. आवाज कमी, तेल लागत नाही, झटका बसला तर पट्टा थोडा घसरून इंजिनाला वाचवतो. पट्टा ढिला-घट्ट करणारी एक चाकी लावली, की तिचाच क्लच म्हणून उपयोग होतो. अडचण जागेची आहे. मोठे प्रमाण हवे तर मागची पुली जवळपास रिमएवढी मोठी लागते, आणि लहान पुलीवर पट्ट्याला पुरेशी मिठी मिळाली नाही तर चढावर तो घसरतो, ओला झाला तर आणखी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पहिल्यावहिल्या मोटरसायकलींना चामडी पट्टे होते, आणि पाऊस आणि चढ या दोन गोष्टींनी त्यांनाही असेच छळले. पुढे चेनने त्यांची जागा घेतली.

चेनकडे वळण्यापूर्वी लुनाची आठवण काढायलाच हवी, कारण मोटर लावलेली सायकल म्हणजे काय, हे महाराष्ट्राला तिनेच दाखवले. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ती बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीची चाओ ही मोपेड तिच्या मुळाशी होती. सुमारे ५० सीसीचे इंजिन, गिअर बदलण्याची भानगड नाही, आणि पेडल! पेट्रोल संपले तर पाय मारत घरी येता यायचे. २०२४ मध्ये तेच नाव घेऊन बॅटरीवर चालणारी ई-लुना आली. लुनात, आणि आज दुधाच्या कॅनपासून खताच्या पोत्यापर्यंत काहीही वाहणाऱ्या टीव्हीएस एक्सएलमध्ये, एक गोष्ट समान आहे: आपोआप धरणारा सेंट्रिफ्युगल क्लच. इंजिन संथ असताना तो सुटलेला असतो. फेरे वाढले की आतले अस्तर लावलेले जोडे बाहेर फेकले जातात, बाहेरच्या वाटीला घट्ट धरतात आणि गाडी हलते. ग्रासकटरच्या इंजिनावर हाच क्लच लहान आकारात तयार असतो. घरी सायकल करणाऱ्याला ही मोठीच सोय आहे.

मात्र क्लचपुढे चेनच्या एका टप्प्यात भागत नाही. पुढे १० दात्यांचे स्प्रॉकेट आणि मागे ४४ दात्यांचे, एवढ्याने प्रमाण होते ४.४. आपल्याला हवे होते ३५. उरलेली आठपट घट मधल्या शाफ्टवर किंवा इंजिनाला जोडायच्या छोट्या गिअरबॉक्सवर सोपवावी लागते. मधला शाफ्ट म्हणजे फ्रेममध्ये दोन बेअरिंगवर फिरणारा आडवा दांडा. एका चेनने इंजिनाचा जोर त्याच्यापर्यंत येतो आणि दुसऱ्या चेनने चाकापर्यंत जातो. लेथवाल्याकडून तो करून घेता येतो, पण दोन्ही चेन एका रेषेत बसल्या नाहीत तर पहिल्याच आठवड्यात उतरू लागतात. सायकलसाठी म्हणून मिळणाऱ्या चिनी टू-स्ट्रोक किटमध्ये इंजिनाच्या पोटातच सुमारे चारपट घट केलेली असते. त्यामुळे त्याला एकच चेन पुरते आणि एकूण प्रमाण अठराच्या आसपास येते.

या किटमधली एक बारीक गोष्ट मात्र आपल्याकडच्या सायकलला आडवी येते. मागचे मोठे स्प्रॉकेट हबवर न बसवता दोन रबरी चकत्यांमध्ये स्पोक दाबून नऊ बोल्टांनी आवळायचे असते. ही रचना ३६ स्पोकच्या चाकासाठी आहे: एका बाजूला १८ स्पोक, दोन-दोन स्पोकमागे एक बोल्ट. आपल्या दांड्याच्या सायकलला मागे ४० स्पोक असतात, एका बाजूला २०. नऊ बोल्ट तिथे सारखे बसूच शकत नाहीत. मग कुणी स्पोक वाकवतो, कुणी दोन बोल्ट गाळतो. स्प्रॉकेट लंगडत फिरते, चेन एका फेऱ्यात ताणते आणि ढिली पडते आणि स्पोक एकामागून एक तुटू लागतात. किट घेण्याआधी मागचे स्पोक मोजावेत. ३६ स्पोकचे चाक वेगळे बांधून घेणे हा त्यावरचा स्वच्छ उपाय आहे.

पेट्रोलच्या बाबतीत कायदाही पाहायला हवा. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचे वाहन मोटर वाहनाच्या व्याख्येबाहेर आहे. त्यापुढे नोंदणी, विमा, परवाना हे सारे लागू होते, आणि ग्रासकटरची ४३ किंवा ५२ सीसीची इंजिने या मर्यादेच्या बरीच पुढे आहेत. बॅटरीच्या वाहनांना केंद्रीय नियमांत सवलत आहे. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवे. त्यावर मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मोहोरही लागते. पुण्याची एआरएआय अशीच एक संस्था. म्हणजे अर्धापूरसारखी ७५० वॉटची मोटर सवलतीच्या तिप्पट भरते. शेतातल्या शेतात चालवणे निराळे आणि महामार्गावर येणे निराळे.

रोज दहा-पंधरा किलोमीटर जाणाऱ्या माणसाने आज पेट्रोलपेक्षा बॅटरीकडेच वळावे. तिथे जोडणीही सोपी आहे. बाजारात एमवाय१०१६झेड नावाने मिळणारी २४ व्होल्ट, २५० वॉटची मोटर भारतातल्या घरगुती ई-सायकलींत फार वापरली जाते. तिच्या अंगातच गिअरचा डबा असतो, त्यामुळे बाहेर फेरे येतात ते ओझे नसताना मिनिटाला सुमारे ३३०. टोकाला ९ दात्यांचे स्प्रॉकेट असते आणि त्याच्या दात्यांमधले अंतर सायकलच्या चेनइतकेच, अर्धा इंच. त्यामुळे कुठल्याही सायकल दुकानातली साधी चेन आणि साधे फ्रीव्हील तिला चालते. मागे १६ दात्यांचे फ्रीव्हील लावले, तर २८ इंची चाकावर ओझ्याविना वेग येतो ताशी २५ च्या जवळ. १८ दात्यांचे लावले तर बावीसच्या आसपास, पण चढावर जोर आठवा हिस्सा जास्त. दूध, चारा किंवा भाजी वाहायची असेल तर १८ च घ्यावे. ताशी तीन किलोमीटरच्या जादा वेगासाठी रोजचा चढ अवघड करून घेण्यात अर्थ नाही.

ही मोटर डाव्या बाजूला बसवायचा मोह होतो, कारण उजवीकडे पेडलची चेन असते. पण साधे फ्रीव्हील डावीकडे लावले की उलटे वागते. मोटर फिरते, फ्रीव्हील कट-कट करत मोकळे फिरते आणि चाक जागचे हलत नाही. डावीकडे लावायचे तर त्या बाजूसाठीच केलेले फ्रीव्हील आणि तसा हब लागतो. डिस्क ब्रेकच्या हबवर स्प्रॉकेट पक्के बोल्ट करणे ही दुसरी वाट, मात्र त्यात मोटर चाकाला कायमची बांधली जाते आणि बॅटरी संपल्यावर पेडल मारताना तीही ओढावी लागते.

हब मोटर हा सगळ्यांत देखणा पर्याय. मोटरच चाकाच्या मध्यात बसते, त्यामुळे ना चेन, ना पट्टा, ना चिखलाची भीती. तिच्यातही दोन जाती आहेत. एकीत आतमध्ये छोटे गिअर असतात, ती हलकी असते आणि वीज बंद केली की चाक मोकळे फिरते. दुसरी बिनगिअरची, वजनदार, आणि बंद असताना थोडी अडवणारी. पहिली घेतलेली बरी. बसवताना चूक होते ती अॅक्सलपाशी. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते, तेवढ्याच जोराने अॅक्सल फ्रेमच्या खाचेत उलटे फिरू पाहतो. नट सैल राहिला तर अॅक्सल खाच फाडून फिरतो आणि तारा तोडतो. म्हणून टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी अॅक्सलला अडकवून फ्रेमला बांधायचीच, पुढच्या चिमट्यात मोटर असेल तर दोन्ही बाजूंना.

चढावर मात्र हब मोटरची कसोटी लागते. माणूस, सायकल, बॅटरी आणि वीस लिटरचा दुधाचा कॅन मिळून १२० किलो धरले, तर सपाट डांबरीवर ताशी २५ ने जायला चाकापाशी साधारण २०० वॉट लागतात. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तेवढ्याच २०० वॉटमध्ये वेग मिळतो ताशी दहा. म्हणजे चाकाचे फेरे चाळीस टक्क्यांवर येतात. हब मोटरला गिअर बदलता येत नसल्याने तिलाही तितकेच संथ फिरावे लागते. संथ फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि त्यातला मोठा भाग उष्णतेत घालवते. मोटर हाताला चटका देऊ लागली, की उतरून चालावे.

नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सव्वासहाशे मीटरच्या वर. लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे जाणारा रस्ता ही उंची हळूहळू चढतो, त्यामुळे या पट्ट्यातल्या गाव ते बाजार अशा फेऱ्यांना गिअरची हब मोटर किंवा १८ दात्यांची चेन पुरते, अधूनमधून पेडलची साथ मिळाली म्हणजे झाले. किनवट-माहूरकडचे डोंगराळ रस्ते वेगळे. तिथे मोटरचा जोर पेडलच्या चेनमधून नेणारी मधली जोडणी हवी आणि सायकल गिअरची हवी, म्हणजे चढाला मागचे मोठे स्प्रॉकेट निवडून मोटर तिच्या भरात फिरवता येते. त्याची किंमत चेनला मोजावी लागते. माणसाचा आणि मोटरचा जोर एकाच चेनवर येत असल्याने ती लवकर ताणते, आणि गिअर बदलताना थ्रॉटल सोडला नाही तर कडी तुटते.

जोडणी कोणतीही असो, दांड्याच्या सायकलचे रॉड ब्रेक माणसाच्या पायाच्या वेगासाठी केलेले आहेत. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि पावसात ओल्या रिमवर ते रबर घसरते. मागे पक्का ड्रम किंवा डिस्क ब्रेक बसवून घ्यावा. ई-किटसोबत येणाऱ्या ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक छोटा स्विच असतो. ब्रेक दाबताच तो कंट्रोलरला खूण देऊन मोटरचा करंट बंद करतो. या तारा जोडल्या नाहीत तरी सायकल चालते, म्हणून पुष्कळ जण त्या टेप गुंडाळून सोडून देतात. पहिली फेरी मारण्याआधी त्या जोडून, चाक हवेत उचलून, थ्रॉटल दिलेला असताना ब्रेक दाबून पाहावा.