लॅपटॉपच्या बॅटरीचा खोडवा



जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात वीज गेली, की शिकणाऱ्या पोराला लॅपटॉपच्या बॅटरीचाच आधार. तीच दहा मिनिटांत मान टाकू लागली, तर भरत आलेला अर्ज अर्ध्यावर राहतो आणि मुदत निघून जाते. आपल्या ऊसपट्ट्यातही वीज ऐनवेळी दगा देतेच. म्हणून हा विषय आपल्याही घरचा आहे.

बॅटरीचे उसासारखेच असते. लागणीचा उतारा खोडव्याला येत नाही, खोडव्याचा निडव्याला येत नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. काही शे वेळा पूर्ण चार्ज झाली, की तिची ताकद घटतेच. उष्णतेने तर ती फारच लवकर घटते.

आधी मोजा, मग खर्च करा. लॅपटॉपमध्येच बॅटरीचा अहवाल काढता येतो. मूळ क्षमता ५० वॉट-तास असून आता पूर्ण चार्जला २५ च भरत असतील, तर निम्मी बॅटरी संपली असे समजावे. फ्रीजमध्ये ठेवून किंवा पार रिकामी करून ती नवी होत नाही, उलट बिघडते. लॅपटॉप बाकी ठणठणीत असेल तर त्याच मॉडेलची चांगली बॅटरी बदलून घ्यावी. नवा लॅपटॉप घ्यायची घाई कशाला?

नवी बॅटरी ऊन आणि गादी यांपासून दूर ठेवा. रोज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर ती जास्त टिकते.

जुनी फुगली असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद! ती टोचू नका, उकिरड्यावर टाकू नका, आग लागते. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत. त्याप्रमाणे ती विक्रेत्याकडे वा अधिकृत संकलन केंद्रातच द्यावी, ही आमची कळकळीची विनंती.