न खेळलेल्या माणसाने खेळाबद्दल बोलावं का?

पीएच.डी.च्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो: "तुम्ही कधी शेती केली नाही, मग शेतकऱ्यांवर संशोधन कसं करणार?" तो उलटाही येतो: "तुम्ही शेतकऱ्याच्याच घरचे, मग तटस्थ कसे राहणार?" दोन्ही वेळा पाठ केलेलं उत्तर उघडं पडतं. म्हणून आज हा मुद्दा पुस्तकातल्या व्याख्येऐवजी एका माणसाच्या कारकिर्दीतून समजून घेऊ. माणूस तुमच्या ओळखीचा आहे: हर्षा भोगले.

जन्म 19 जुलै 1961, हैदराबाद, मराठी घर. आईवडील दोघंही प्राध्यापक. वडील फ्रेंचचे, आई मानसशास्त्राच्या. (आपला हिंगोलीचा भागही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे तिथलं मराठी घर आपल्याला काही परकं नाही.) उस्मानिया विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंग, मग अहमदाबादचं आयआयएम, मग जाहिरात क्षेत्रातली नोकरी. क्रिकेट खेळले ते विद्यापीठ पातळीपर्यंत. रणजी नाही, कसोटी तर नाहीच. पण आकाशवाणीवर समालोचन वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच सुरू झालं होतं. 1991-92 च्या भारतीय संघाच्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओने त्यांना बोलावलं. 1995 पासून ईएसपीएन-स्टारमुळे ते घराघरात पोचले. शेजारी बसणारे बहुतेक जण माजी कसोटीपटू, आणि मध्ये हा एक 'बाहेरचा'.

आता नोव्हेंबर 2019 मध्ये या. कोलकात्यात भारतातली पहिली दिवस-रात्र कसोटी, समोर बांगलादेश. गुलाबी चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारायला हवं, असं भोगले म्हणाले. त्यावर संजय मांजरेकरांनी थेट प्रक्षेपणातच सुनावलं की ते तुम्हाला विचारावं लागेल, आम्ही खेळलोय, आम्हाला अंदाज आहे. खेळलेलं असणं ही शिकण्याची शेवटची हद्द होऊ शकत नाही, अशा अर्थाचं उत्तर भोगलेंनी दिलं. पुढे मांजरेकरांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

इथे थांबा आणि बघा. वाद क्रिकेटचा वाटतो, पण तो ज्ञान कुणाकडे असतं याचा आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1972 मध्ये 'आतले आणि बाहेरचे' या विषयावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की कुणीच पूर्ण आतला किंवा पूर्ण बाहेरचा नसतो. भोगले मैदानाच्या बाहेरचे, पण समालोचन कक्षाच्या अगदी आतले. मांजरेकर कसोटी क्रिकेटच्या आतले. पण त्यांच्या काळात कसोटी लाल चेंडूवर व्हायची. म्हणजे त्या प्रश्नापुरते दोघंही बाहेरचेच होते! आणि बाहेरच्याने करायची गोष्ट एकच: विचारणं.

हेच हिंगोली-वसमतच्या हळदीला लावून बघा. हळदवाल्या घरातल्या मुलाला ओली हळद आधी शिजवतात आणि मग वाळवतात, यात काही विशेष वाटत नाही. बाहेरून आलेली विद्यार्थिनी विचारते, "शिजवायची कशाला?" मग कळतं की त्याने रंग सारखा पसरतो, वाळायला वेळ कमी लागतो, कोंब फुटत नाहीत. पण मजुरी नेमकी कुठे थकते, हे विचारायला तिला सुचणार नाही. ते घरच्या मुलाला सुचेल. आतल्याकडे तपशील असतो, बाहेरच्याकडे प्रश्न असतो. दोन्ही लागतात.

आता एक सावधगिरी. एप्रिल 2016 मध्ये भोगलेंना आयपीएलच्या समालोचनातून अचानक वगळलं गेलं. त्याआधी मार्चमध्ये अमिताभ बच्चन यांनी, नाव न घेता, भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं असं ट्विट केलं होतं, आणि धोनीने त्याला दुजोरा दिला होता. लगेच अनेकांनी दोन टोकं जोडली. खुद्द भोगलेंनी मात्र आपल्याला कारण सांगितलं गेलं नाही, असं लिहिलं. प्रबंधात तुम्ही काय लिहाल? "ट्विट झालं, त्यानंतर वगळलं" इथपर्यंत पुरावा आहे. "ट्विटमुळे वगळलं" म्हणायला तो नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हीही शक्यता उघडी ठेवावीच लागते. गोष्ट रंगतदार होते म्हणून कारण जोडलं, तर ज्याच्या आयुष्यावर लिहितोय त्याच्यावरच अन्याय होतो.

तेव्हा मुलाखतीला जाण्याआधी वहीचं एक पान घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा: माझ्या विषयात मी कुठे आतला किंवा आतली आहे. उजवीकडे: कुठे बाहेरचा किंवा बाहेरची. डाव्या बाजूला तुम्ही गृहीत धरलेल्या गोष्टी सापडतील, उजव्या बाजूला कुणाला काय विचारायचं ते. एखादी बाजू कोरी राहिली, तर विषयाकडे अजून नीट पाहिलेलं नाही, एवढं समजा.