पूर्वीची अकालप्रसूती व पुढील गर्भधारणा

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी होणाऱ्या प्रसूतीस अकालप्रसूती म्हणतात. एके काळी २,५०० ग्रॅम वा त्याहून कमी वजनाच्या अर्भकासही सरसकट 'अकालजात' म्हणत असत. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने वजन व काल या दोन कल्पना निराळ्या केल्या. हा भेद केवळ शाब्दिक नाही; कारण पुढील गर्भधारणेतील धोका अजमावताना मागील बाळ किती आठवड्यांनी जन्मले, हे प्रथम पाहावे लागते.

एकदा अकालप्रसूती झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ती पुन्हा होण्याचा संभव सुमारे दीडपट ते दुप्पट असतो. मागील प्रसूती जितकी लवकर झालेली, तितका तो अधिक. तथापि 'दुप्पट' म्हणजे 'अटळ' नव्हे. उदाहरणादाखल शंभरांत दहा हे प्रमाण धरले, तर दुप्पट म्हणजे वीस; उरलेल्या ऐंशी जणींचे दिवस पूर्ण भरतात. हा अर्थ न उमगल्यामुळे कित्येक स्त्रिया भयग्रस्त होतात, किंवा घरच्यांच्या दोषारोपास पात्र ठरतात.

दोन गर्भधारणांतील अल्प अंतर व धूम्रपान यांचाही या धोक्याशी संबंध आहे. बाळंतपणानंतर पुन्हा गर्भ राहण्यापूर्वी निदान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गर्भाशयमुख आखूड आढळल्यास प्रोजेस्टेरॉन देऊन वा टाका घालून काही स्त्रियांत अकालप्रसूती टाळता येते. यास्तव मागील प्रसूतीचा वृत्तांत, आठवड्यांच्या हिशेबासह, पहिल्याच तपासणीच्या वेळी सांगणे अगत्याचे होय.