उंबरठ्यावरचा उजेड

दिवाळीत घरोघरी फोटो निघतात ते बहुधा दिवाणखान्यात, भिंतीला पाठ लावून, डोक्यावरच्या दिव्याखाली. उजेड वरून पडतो, डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते, नाकाखाली काळा पट्टा उमटतो आणि हसरा चेहराही थकलेला दिसतो. यात दोष चेहऱ्याचा नसतो, मोबाइलचाही नसतो. माणूस चुकीच्या जागी उभा असतो.

माझी आजी फोटोत कायम रागावलेली दिसायची. एका पाडव्याला ती ओसरीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. दार उत्तरेचं, त्यामुळे ऊन आत येत नव्हतं, नुसता उजेड येत होता. एक गाल उजळलेला, दुसऱ्यावर हळूहळू उतरत गेलेली सावली आणि बुबुळात दाराचा इवलासा पांढरा चौकोन. आमच्या घरात तिचा तोच एक फोटो तिच्यासारखा आहे.

सूर्य प्रचंड खरा, पण इतका दूर की आपल्याला तो टिकलीएवढाच. म्हणून दुपारच्या सावलीची कड सुरीसारखी. दार किंवा खिडकी चेहऱ्याजवळ असली, की उजेड अनेक बाजूंनी येतो आणि ती कड विरघळते. जागा शोधायची असेल तर मूठ डोळ्यांसमोर धरून सावकाश गोल फिरा. बोटांवरची सावली जिथे मऊ दिसेल, तिथे माणसाला बसवा. सावलीकडचा गाल फारच काळवंडला, तर त्या बाजूला धुतलेलं पांढरं धोतर किंवा थर्माकोलचा तुकडा धरायचा.

हे करायला स्टुडिओ लागत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना 1863 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावर त्यांनी घरच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं काचघर केलं आणि तिथे माणसं बसवून फोटो काढले. 1867 मध्ये त्यांनी टिपलेले खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल पाहावेत: काळोखातून वर आलेला म्हातारा चेहरा आणि उजेड झेलणारे विस्कटलेले पांढरे केस. मागे काहीच नाही. मला तो फोटो दरवेळी थांबवतो.

तो काळोख आपल्या घरातही मिळतो. लहान दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं, की उजेड चौथाई उरतो. दारातून येणारा उजेड इतक्या झपाट्याने घटत नाही, तरी आतली भिंत खूप मागे पडते. म्हणून माणूस उंबरठ्याच्या किंचित आत, दाराकडे तोंड करून बसवावा आणि चेहऱ्यावर बोट टेकवून मोबाइलमधला प्रकाश थोडा उतरवावा. मागचं कॅलेंडर, फ्रिज, वायरी अंधारात जातात. पडदा टांगायची गरज उरत नाही.

मोबाइल चेहऱ्याजवळ नेऊ नका. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान लहान दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ येतं. पाच-सहा फूट मागे सरा, दुप्पट झूम घ्या आणि मोबाइल समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. आजी पाटावर असेल, तर आपणही खाली बसायचं.

‘नीट बस, हस’ म्हटलं की माणूस लाकडासारखा होतो. खांदे थोडे तिरके, हनुवटी किंचित पुढे, एवढं सांगून हातांना काम द्यावं: वाती वळणं, करंजीला मुरड घालणं, नातवाची बटणं लावणं. कामात गुंतलेला माणूस हाक मारल्यावर वर बघतो, त्या क्षणासाठी तयार राहावं.

पणत्यांचा फोटो काढायचा, तर घरातला पांढरा दिवा आधी बंद करा. पणतीचा उजेड तांबूस, दिव्याचा निळसर. दोन्ही एका चेहऱ्यावर आले की कातडीचा रंग बिघडतो. एकाच पणतीऐवजी ताटात दहा-बारा मांडून ते ताट छातीच्या उंचीवर, हातभर पुढे ठेवा. हनुवटीखाली धरलं तर सावल्या उलट्या चढतात. उजेड कमी असतो, म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवावं. आणि वेळ साधावी ती सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं: अंगणातलं आकाश तेव्हा गडद निळं असतं, पण विझलेलं नसतं, आणि पणत्यांचा उजेड चेहऱ्यावर दिसू लागलेला असतो.