संशोधनाची मोजदाद (भाग ७) : ‘हॉवर्ड आणि वाड, १९३१’

इंदूरमध्ये कृष्णपुऱ्याच्या पुलावरून खान नदी ओलांडताना होळकरांच्या छत्र्या दिसतात. त्यांतली एक शिवाजीराव होळकरांची. त्यांचे पुत्र तुकोजीराव तिसरे गादीवर होते तेव्हा, १९२४ साली, शहरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. दरबारने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. पैसा कापूस समितीचा होता, त्यामुळे अपेक्षाही कापसाची होती. पण संस्थेचे नाव जगभर झाले ते खतामुळे.

मागच्या भागात आपण एच-इंडेक्स पाहिला. ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झाला, त्याचा इंडेक्स २०. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ साली मांडलेले हे माप एकाच विषयात वावरणाऱ्यांना बरे लागू पडते. काम विषयांच्या भिंती ओलांडून गेले की मात्र ते अपुरे पडते. इंदूरच्या या खतामागचे एक संशोधक यशवंत वाड यांचे काम तसेच होते.

संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड. वेस्ट इंडीजमध्ये बुरशीजन्य रोग, इंग्लंडात हॉप्स, बिहारमधल्या पुसा इथे पत्नी गॅब्रिएल यांच्याबरोबर गव्हाच्या सुधारित जाती, असा त्यांचा प्रवास. शेतीचे संशोधन खात्याखात्यांत वाटले की शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही, हे त्यांचे ठाम मत होते. वाड हे त्यांच्या हाताखालचे रसायनशास्त्रातले मुख्य साहाय्यक.

दोघांनी केले काय? कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या. गाड्यांची चाके आणि बैलांचे खूर त्यांचा चुरा करतात. मग तो चुरा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. पुढे खड्ड्यात थर द्यायचे: हा काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली गोठ्यातली माती, थोडी राख. पाणी मारायचे, ठरलेल्या दिवसांनी तीनदा पालटायचे. साधारण तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. हीच ‘इंदूर पद्धत’. यातली एकही वस्तू विकत आणायची नाही. माझ्या मते सगळी हुशारी या शेवटच्या गोष्टीत आहे.

१९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक काढले. मुखपृष्ठावर दोन लेखक: हॉवर्ड आणि वाड. हा झाला शेतीचा विषय. पण १९३४ साली वाड यांचे नाव ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहलेखक जॅक्सन यांच्याबरोबरच्या त्या लेखात वस्तीतला मैला आणि कचरा इंदूर पद्धतीने निर्धोक कसा करायचा, हे सांगितले होते. खताचा प्रश्न तिथे आरोग्याचा प्रश्न झाला. १९३५ साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या खताची माहिती दिली. १९५६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कंपोस्टवर गोटास यांचा प्रबंध प्रसिद्ध केला, त्यातही इंदूर पद्धत आहे. मृदाशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, कचरा व्यवस्थापन, सेंद्रिय शेतीचा इतिहास: एवढ्या ठिकाणची दखल एका आकड्यात कशी मावणार?

शिवाय एक नुकसान मोजदादीत दिसतच नाही. पद्धत सर्वांच्या सवयीची झाली की लोक मूळ पुस्तकाचा हवाला देणे सोडतात. नुसते ‘इंदूर पद्धत’ म्हटले की भागते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती: काम ज्ञानात इतके मुरते की कर्त्याचे नाव पुसले जाते. इथे तर ते अर्धेच पुसले गेले. हॉवर्ड यांनी १९४० साली ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ लिहिले, ते सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष ठरले आणि पद्धतीशी त्यांचेच नाव जोडले गेले. वाड मागे राहिले. हा अन्याय आहे, आणि तो दुरुस्त करायला फार काही लागत नाही.

कंपोस्टवर प्रबंध लिहिणाऱ्या, प्रकल्पाची वही भरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एवढीच विनंती: ‘इंदूर पद्धत’ लिहिलेत की पुढे कंसात दोन्ही नावे लिहा. हॉवर्ड आणि वाड, १९३१.