रात्री वाडीत कोण येतं?

दिवेलागण झाली, जेवणं आटोपली, झाकपाक झाली, की मागच्या दाराची कडी दोनदा तपासायची आणि आडवं व्हायचं, हा आपल्या घराघरांतला रिवाज. मग कौलांवर काही खुडबुडलं, की छातीत धस्स होतं. आपण म्हणतो "चोर", मुलं म्हणतात "भूत"! पण भगिनींनो, बाहेर खरोखर कोण आलंय, हे एकदा तरी उठून पाहिलंत का?

बोर्निओच्या सदाहरित अरण्यात पर्यटक पैसे मोजून रात्रीचे प्राणी पाहायला जातात. आपल्या आगाशीकरांना एवढं लांब जायला नको. राजेळी केळीच्या सुकेळीसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव वाड्यांचं. पूर्वेला, महामार्गापलीकडे, तुंगारेश्वरचं जंगल. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं, २००३ साली अभयारण्य झालेलं. सूर्यास्तानंतर तिथे पर्यटकांना जाता येत नाही, आणि ते योग्यच. पण रात्री पाहायची सवय आपल्याच मागीलदारी लावता येते.

अंधाऱ्या पक्षातली रात्र निवडा. घरातले दिवे मालवून वीस-पंचवीस मिनिटं ओटीवर गप्प बसा. डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतोच. बॅटरीच्या काचेवर मिठाईच्या खोक्यातला लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधा. लाल उजेडाला प्राणी फारसे बिचकत नाहीत. बॅटरी कमरेशी नको, डोळ्यांच्या रेषेत धरा. पुष्कळ निशाचरांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो. त्यावर पडलेला उजेड सरळ परत फिरतो आणि पानांत दोन निखारे चमकतात. गवतात दवासारखे बारीक ठिपके लुकलुकले, तर ते कोळ्यांचे डोळे, बरं का!

कौलांवरचा 'चोर' बहुधा उदमांजर निघतं. फळं खातं, ताडीच्या मडक्यातही तोंड घालतं. पण खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर पेरतं तेही तेच. केळफुलापाशी घिरट्या घालणारं वटवाघूळ मधासाठी आलेलं असतं. आणि ज्याला आपण अशुभ म्हणून हाकलतो, ते गव्हाणी घुबड रात्रभर आपल्या घरचे उंदीरच टिपत असतं. सांगा, अपशकुनी कोण?

थोडी काळजी मात्र हवीच. पायांत बंद बूट, हातात काठी. मण्यार रात्रीच हिंडते, म्हणून पाचोळ्यात किंवा लाकडांच्या ढिगात हात घालू नका. पिलांवर झोत रोखून धरू नका. मुलांना एकटं सोडू नका.

"आणि बिबट्या आला तर?" हा प्रश्न उगीच नाही. २०२४ च्या मार्चअखेर वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि पिंजऱ्यात सापडेपर्यंत पंचवीसेक दिवस गेले. तेवढे दिवस आसपासच्या आयाबहिणींनी जीव मुठीत धरून काढले असतील. बिबट्याचा माग निघाला असेल, तर हे निरीक्षण सरळ बंद ठेवा. एरवीही एक ध्यानात घ्या. तो येतो भटक्या कुत्र्यांमागे, आणि कुत्री जमतात उकिरड्यावर. म्हणजे खरकटं झाकून ठेवणं हा पहिला बंदोबस्त, आणि तो आपल्याच हातात! समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. मुलांना उचलून घ्या, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरा. मग वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

गोडी लागली, की पुढची पायरी. वैशाखी पौर्णिमेला महाराष्ट्रातल्या काही अभयारण्यांत वनखातं हौशी मंडळींना पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसू देतं, बायकाही जातात. पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या आंबोलीला जाणत्या वाटाड्याबरोबर हिरवेगार बेडूक पाहता येतात.

पण सुरुवात घरापासूनच करा. आज रात्री खुडबुड झाली, तर मुलांना पांघरुणात दडपू नका. खिडकीशी घेऊन या आणि हळूच म्हणा, "चल, पाहू या कोण आलंय!" आईची भीती मुलं उचलतात, तसं आईचं कुतूहलही उचलतात, नाही का?