सोयाबीनच्या गाठी काम का थांबवतात? लोह आणि ऑक्सिजनचे गणित

सततच्या पावसानंतर सोयाबीन पिवळे पडले की आपला हात आधी युरियाच्या गोणीकडे जातो. त्यापूर्वी दोन-चार झाडे खुरप्याने मातीसकट काढा, मुळे हलक्या हाताने धुवा आणि गाठी नखाने चिरून आतला रंग पाहा.

गाठीच्या आत काय घडते?

सोयाबीनच्या गाठीत ब्रेडीरायझोबियम गटातील जिवाणू राहतात. हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करण्यासाठी ते नायट्रोजिनेज नावाचे विकर तयार करतात. या विकरात लोह आणि मॉलिब्डेनम हे धातू असतात. मात्र ऑक्सिजनचा थेट संपर्क आला की ते निकामी होते.

म्हणून हवेशीर मातीत असताना जिवाणू हे विकर बनवणारी जनुके बंद ठेवतो. ऑक्सिजन किती आहे हे ओळखण्यासाठी त्याच्याकडे फिक्स-एल नावाचे प्रथिन असते. त्यातील लोहाला ऑक्सिजन चिकटलेला असेल तर प्रथिन शांत राहते. गाठीत ऑक्सिजन कमी झाला की लोह मोकळे होते, प्रथिन पुढे इशारा देते आणि नत्र स्थिरीकरणाला लागणारी जनुके सुरू होतात.

मग साचलेल्या पाण्याने नुकसान का?

नत्र स्थिरीकरणाला भरपूर ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून मिळते. म्हणजे मोकळा ऑक्सिजन कमी हवा, पण पुरवठा सतत हवा. हे काम लेगहिमोग्लोबिन करते. तेही लोहयुक्तच. चांगल्या गाठीचा आतला गुलाबी-लाल रंग त्याचाच. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा तुटतो. जनुके सुरू असली तरी ऊर्जेअभावी काम थांबते.

गाठ आणि पान काय सांगते?

- आत गुलाबी किंवा लाल: गाठ काम करते आहे.
- आत पांढरी: गाठ कोवळी किंवा अकार्यक्षम आहे.
- आत हिरवट किंवा तपकिरी: गाठीचे काम संपत आले आहे.
- खालची जुनी पाने आधी पिवळी: नत्राची कमतरता.
- शेंड्याची नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. चुनखडीयुक्त जमिनीत, विशेषतः पाणी साचल्यावर हे जास्त दिसते.

काय करावे?

1. साचलेले पाणी चर काढून लगेच बाहेर काढा. पुढील हंगामात रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी करा.
2. पीक फुलोऱ्यात येण्यापूर्वी, वाफसा आल्यावर कोळपणी करा. माती मोकळी होऊन मुळांना हवा मिळते.
3. लोहाची लक्षणे असतील तर 0.5 टक्के फेरस सल्फेटची, म्हणजे 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, फवारणी करा. भर उन्हात फवारू नका.
4. पेरणीवेळी बियाण्यास आधी बुरशीनाशक व शेवटी रायझोबियम लावा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा.
5. गाठी आतून लाल असतील तर युरिया देऊ नका. जमिनीत नत्र जास्त झाले की नवीन गाठी कमी येतात आणि असलेल्या गाठींचे कामही मंदावते.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत ही गाठ चिरून दाखवावी. खत द्यायचे की पाणी काढायचे, हा निर्णय शेतकऱ्याला तिथेच घेता येईल.